बुधवारची कुरकुर

"तू आलास... मला वाटलं, तू येणारच नाहीस."

हे मी म्हणाले. कुणाला? कुणालाच नाही. गाडीत मी एकटीच होते — निदान माझा तसा समज होता.

"मी केव्हाचा इथंच आहे," मागून एक शांत आवाज आला. "पण तुम्ही कोण?"

मी अशी किंचाळले की सर्व्हिस सेंटरच्या आवारातली दोन माणसं चहाचे कप घेऊन धावत आली. तेवढ्यात मागच्या सीटची पाठ पुढे कलंडली आणि डिकीतून एक डोकं बाहेर आलं. कपाळाला टॉर्च बांधलेला, केस विस्कटलेले, आणि डोळे... डोळ्यांचं नंतर सांगते.

"गाडीच्या मालकीणबाई का?" त्यानं विचारलं.

"हो! आणि तुम्ही चोर का?"

"मी आवाज शोधतोय. तुमच्या तक्रारीतला. ड्रायव्हर गाडी फिरवणार आणि मी डिकीत पडून ऐकणार, असं ठरलं होतं. तो चहाला गेला आणि तुम्ही येऊन बसलात." तो जरासा हसला. "कोण यायचा होता?"

"कुणी नाही हो. माझं कामच आहे ते."

त्याच्या भुवया टॉर्चपर्यंत वर गेल्या. मी जीभ चावली आणि घाईघाईनं सगळं सांगून टाकलं. मी पुस्तकं वाचते. मोठ्यानं, पैसे घेऊन. लोक ती कानाला लावून ऐकतात. सकाळी गाडी इथे सोडली होती, परत न्यायला लवकर आले, भुरभुर पाऊस सुरू झाला, गाडी उघडीच दिसली, म्हणून आत बसून उद्याच्या पानांची तालीम करत होते. पुस्तकातल्या बाईचा प्रियकर सात वर्षांनी परत येतो, त्याला ती असं म्हणते.

"सात वर्षांनी?" तो म्हणाला. "मग एवढी चिडलेली का वाटली? ती खूश व्हायला हवी ना?"

आता सांगा. डिकीत आडवा पडलेला माणूस मला माझं काम शिकवत होता! आणि त्याहून वाईट म्हणजे त्याचं बरोबर होतं.

त्याला तिथे सगळे कानसेन म्हणायचे. नव्या गाडीतून कुठेही काही वाजलं की ती गाडी त्याच्याकडे. बाकीचे लोक डोळ्यांनी गाडी बघतात. हा डोळे मिटायचा, मान किंचित डावीकडे झुकवायचा आणि नुसता थांबून राहायचा. लांब पापण्या होत्या त्याच्या. मिटलेल्या डोळ्यांवर त्या फारच लांब दिसायच्या. झालं, डोळ्यांचं सांगितलं.

"तर आवाज कसा आहे?" त्यानं त्या दिवशी विचारलं. "खडखड की खुळखुळ?"

"खुळखुळ लहान मुलांच्या खेळण्याची."

"करकर?"

"ती नव्या चपलेची. माझी गाडी काय चप्पल आहे?"

"मग कुरकुर की किरकिर?"

लोक मला विचारतात, तुला तो कधी आवडला. मला वाटतं, तिथेच. इतक्या प्रेमानं कुणी मला शब्द विचारले नव्हते. मी म्हटलं, "थांबा, करूनच दाखवते." आणि जीभ टाळूला लावून गाडीचा आवाज जसाच्या तसा काढला. लहानपणापासून मला नकला येतात. कुकर, दाराची कडी, शेजारचे काका, काहीही. म्हणून तर ताई मला पोपट म्हणते.

कानसेन माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. मग उठला, मागच्या फळीखाली हात घातला आणि एक बोटभर क्लिप दाबून बसवली. "ही सैल होती," तो म्हणाला. "आजवर एवढी सोपी तक्रार कुणी आणली नाही."

आवाज गेला. मी मात्र जायला तयार नव्हते. खरंच एक काम होतं हो, उगाच काही नाही!

मी राहते ताईकडे. ताई पडदे शिवते. दिवसभर शिलाई मशीन, त्यात तिची जुळी पोरं, आणि दोघांपैकी एक कायम रडत असतं, तेही पाळीपाळीनं. त्या घरात रेकॉर्डिंग करणं म्हणजे बाजारात झोपण्यासारखं. मी गाडी घेतली ती हिंडायला नाहीच. दारं लावून, काचा वर करून, मला बसायला एक शांत खोली हवी होती. नवीन कादंबरीच्या वाचनासाठी आम्ही दोघी-तिघी जणी शर्यतीत होतो. चांगली जाडजूड कादंबरी, वर्षभराचं काम. एका प्रकरणाचा नमुना पाठवायचा होता, आणि त्यात कुकरची एक शिट्टी जरी आली असती तरी खेळ खलास. अॅक्सेसरीवाल्या दुकानदारानं मला सांगितलं होतं, "ताई, दारांची आतली कव्हरं काढतो, पत्र्याला जाड शीट चिकटवतो, छतालाही मारतो. एका दिवसात गाडी गप्प!"

हे ऐकताच कानसेनचा चेहरा पडला.

"छताला? अहो, छताच्या काठानं एअरबॅग आहेत. सीटच्या कडेलाही आहेत. उद्या काही झालं आणि त्या उघडल्याच नाहीत तर? आणि दारातल्या वायरला त्यानं कात्री लावली की त्या दाराची गॅरंटी संपली..." तो थांबला. "वॉरंटी. सगळ्यांना सांगतो, गॅरंटी म्हणू नका, आणि मलाच सवय लागलीय."

"मग मी काय करू? गाडीला शपथ घालू, बोलू नकोस म्हणून?"

तो हसला. मग गाडीच्या काचेवर पावसाचं जे धुकं साचलं होतं, त्यावर बोटानं खिडकीचा आकार काढला. "चिकटवायचं नाही, कापायचं नाही, भोक पाडायचं नाही. एवढं सांभाळा. खिडक्यांच्या आणि पुढच्या-मागच्या काचांच्या मापाच्या जाड रजया शिवून घ्या. गाडी उभी असेल तेव्हा खिडक्यांत दाबून बसवायच्या, चालवताना काढून ठेवायच्या. रजया काढल्या की गाडी होती तशी दिसली पाहिजे. मग तुमच्या वॉरंटीला कुणी हात लावणार नाही." आणि हळूच म्हणाला, "शिवून झाल्या की दाखवायला आणा. बुधवारी मला जरा निवांत असतं."

ताईनं पडद्यांच्या उरल्यासुरल्या कापडातून रजया शिवल्या. प्रत्येक खिडकीचं माप वेगळं निघालं, तेव्हा "गाडी आहे की पेशंट?" असं पुटपुटत तिनं तीन-तीनदा टेप लावली. कडेला जाड गोट दिला, तो खिडकीच्या चौकटीत गच्च बसायचा. बुधवारी मी त्या दाखवायला नेल्या. आम्ही दोघांनी मिळून त्या खिडक्यांत बसवल्या, दारं लावून घेतली... आणि जग गेलं.

खरंच गेलं. बाहेरचे हातोडे, पाण्याचे फवारे, कुणाच्या तरी नावानं चाललेला आरडाओरडा, सगळं कुठेतरी लांब राहिलं. कापडातून निळसर उजेड झिरपत होता. इंजिन थंड होत होतं, टिक... टिक... आणि त्यालाही घाई नव्हती. आम्ही दोघं पुढच्या सीटवर समोर बघत बसलो होतो, आणि समोर बघायला फुलाफुलांच्या कापडाशिवाय काही नव्हतं.

"ऐकू येतंय?" त्यानं कुजबुजत विचारलं.

"काय?"

"काहीच नाही ते."

माझ्या छातीत एवढं धडधडत होतं की या कानसेनला ते ऐकू जाणार, अशी मला खात्रीच होती. मी घाईनं दार उघडलं. बाहेर येऊन दोघांनीही रजयांच्या शिवणीचं फार कौतुक केलं.

खरं तर तिथे काम संपलं होतं. क्लिप बसली होती, रजया बसल्या होत्या. पण मी गाडी सुरू करायला लागले तसा तो खिडकीशी वाकला आणि म्हणाला, "अजून... मागे कुठेतरी... बारीकशी कुरकुर आहे असं वाटतंय मला."

माझे कानही काही कमी नाहीत. माझ्या गाडीत त्या क्षणी एका मुंगीचीही कुरकुर नव्हती.

"हो ना," मी म्हणाले. "मलाही वाटतंय."

"तक्रार उघडीच ठेवतो मग. पुढच्या बुधवारी आणा."

आता तक्रार उघडी ठेवायची तर आवाज हवा. तो कुठून आणायचा? पुढच्या बुधवारी फेरी मारायला निघालो, तो गाडी चालवत होता, मी शेजारी बसून बाहेरची झाडं बघत होते. वळण आलं. मी ओठ न हलवता जिभेच्या मागच्या टोकानं एक अगदी बारीक आवाज काढला. कुर्र.

त्यानं मान डावीकडे झुकवली. "आला," तो म्हणाला. पापणीसुद्धा लवली नाही.

"ऐकलंत ना? बघा, मी सांगत होते."

"वळणावर येतो. अजून थोडी वळणं घेऊन बघायला हवीत."

घेतली. पुष्कळ घेतली! तलावाच्या कडेनं जाणारा रस्ता म्हणजे नुसती वळणंच, हा काय माझा दोष? कधी ढग पाण्यापर्यंत उतरलेले असायचे, कधी ऊन आणि पाऊस एकदमच. गाडी थांबवून तो म्हणायचा, "आता जरा गप्प बसू, म्हणजे कळेल." आणि आम्ही गप्प बसायचो. त्या गप्प बसण्यात मी त्याला माझ्या मनातलं जेवढं सांगितलं, तेवढं बोलून कुणाला सांगितलं नसेन. मधूनच तो म्हणायचा, "वाचा ना काहीतरी." मी वाचायचे. सात वर्षांनी परत आलेल्या प्रियकराचं वाक्य मी त्याला नव्यानं म्हणून दाखवलं, तेव्हा तो कितीतरी वेळ काचेवरचे थेंब बघत राहिला.

"आता बरोबर आहे?" मी विचारलं.

"आता... असं कुणी म्हटलं तर माणूस पुन्हा जाणार नाही."

गाडीची एक आणि माझी एक, अशा दोन वॉरंट्या चालू होत्या त्या दिवसांत. माझी कधी संपणार ते मात्र कुठे छापलेलं नव्हतं.

"दर बुधवारी कुठे निघतेस नटूनथटून?" ताई तोंडात सुई धरून विचारायची. "गाडी दुरुस्त होतेय की बिघडतेय?"

"आवाज येतो गं त्यातून."

"येतोय खरा. मला तर इथपर्यंत ऐकू येतोय." चोराच्या मनात चांदणं! मी कानापर्यंत लाल झाले आणि दोन्ही पोरं माझ्याकडे बघून खदाखदा हसली.

मग त्याचा फोन आला. एरवी इतका शांत असणारा माणूस, पण आवाज पार उतरलेला.

"एक घोळ झालाय," तो म्हणाला. "तक्रार पुन्हापुन्हा उघडली की ती आपोआप कंपनीकडे जाते. माझ्या लक्षातच राहिलं नाही... म्हणजे, दुसऱ्याच गोष्टीत लक्ष होतं. उद्या कंपनीच्या मोठ्या बाई येताहेत. आवाज सापडला नाही आणि गाडीत बाहेरून बसवलेलं काही दिसलं, तर दोष त्यावर टाकतात. तुमच्या रजयांवर. आतल्या सगळ्या भागांची वॉरंटी काढून घेतील. आणि चौकशी होईपर्यंत गाडी इथेच ठेवून घेतील."

"पण शनिवारी मला नमुना पाठवायचाय!"

"माहीत आहे. म्हणून मी ठरवलंय. मी सांगणार, माझा कान चुकला. आवाज नव्हताच, मला उगाच भास झाले."

त्या माणसाकडे बाकी काही असो नसो, कान होता. त्याच्या कानावर विश्वास ठेवून लोक गाड्या सोडून जायचे. तो कान माझ्या रजयांपायी हा माणूस उद्या सगळ्यांसमोर वाऱ्यावर सोडणार होता.

"वेडे आहात का?" मी म्हणाले. माझा आवाज फाटला. एवढी सगळी पुस्तकं वाचली, पण असा कधी फाटला नव्हता.

"रजया घरीच ठेवून आलात तरी चालेल," तो म्हणाला आणि लगेच स्वतःच म्हणाला, "नको. ते बरोबर नाही."

मोठ्या बाई आकारानं मोठ्या नव्हत्या. बुटक्या, पांढरे आखूड केस, आणि गळ्यात डॉक्टरांसारखा स्टेथोस्कोप, इंजिनाला लावायचा. गाडी त्यांनीच चालवायला घेतली. मी शेजारी, कानसेन मागे. तलावाचाच रस्ता. एक वळण, दुसरं वळण... मी ओठ घट्ट मिटून बसले होते. गाडी लोण्यातून गेल्यासारखी चालली होती.

"आवाज नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि मागच्या सीटवर घडी करून ठेवलेल्या रजयांकडे वळून बघितलं. "हे काय आहे? हे बसवल्यावर आवाज सुरू झाला असेल तर आतल्या भागांची वॉरंटी मला थांबवावी लागेल. गाडी तपासणीला..."

"बाई," मागून कानसेन म्हणाला, "चूक माझी आहे. माझा कान —"

कुर्र.

बाईंनी डॅशबोर्डकडे पाहिलं. मग छताकडे. मग अगदी सावकाश माझ्याकडे.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा काढला. या वेळी तोंड उघडून, सरळ. कुर्र.

"गाडीत कधीच काही नव्हतं," मी म्हणाले. मी दोन्ही हात मांडीखाली दाबले. "सैल क्लिप यांनी पहिल्याच दिवशी बसवली. त्यानंतरचा आवाज मी काढायचे. रजयांचा काही दोष नाही, त्यांना तर गोंदाचा थेंबही लागलेला नाही. आणि यांच्या कानाचाही काही दोष नाही. दर बुधवारी इथे यायला मला काहीतरी कारण हवं होतं. मला हे आवडतात. झालं, सांगितलं. आता गाडीची वॉरंटी राहू द्या, माझी काढून घ्या हवी तर."

मागे वळून बघायची माझी हिंमत नव्हती. म्हणजे आता माझा चांगलाच पोपट होणार, एवढंच डोक्यात होतं.

बाई आरशातून मागे बघत होत्या. "काय हो? तुम्हाला तर आमच्याकडे कानसेन म्हणतात. एवढ्या फेऱ्या मारल्यात. आवाज शेजारच्या सीटवरून येतोय, हे तुमच्या लक्षात आलं नाही?"

"आलं ना," तो म्हणाला. "पहिल्याच वळणावर आलं."

"मग?"

तलावावर थेंब पडायला लागले होते.

"आयुष्यभर आवाज बंद करत आलोय, बाई. हा एकच असा होता... की तो बंद होऊ नये, असं वाटायचं."

बाईंनी चष्मा काढला आणि उगाचच पुसला. मग खाली उतरून त्यांनी सगळ्या रजया एकेक करून उलगडल्या, खिडक्यांत लावून पाहिल्या, काढल्या, चौकटींवरून बोट फिरवलं. कुठे ओरखडा नाही, डाग नाही. "शिवलंय कुणी?" असं एकदा विचारलं. मी "ताईनं" म्हटल्यावर "छान बसलाय गोट" एवढंच बोलल्या. परत येऊन त्यांनी निकाल दिला: "गाडीत दोष नाही. रजया काढल्या की गाडी होती तशीच आहे, तेव्हा वॉरंटीही आहे तशीच. तक्रार बंद." मग कानसेनकडे वळल्या. "तुमच्या कानाला काही झालेलं नाही. बाकी कशाला काय झालंय ते तपासणं माझं काम नाही. पण यापुढे या बाईंची गाडी दुसरं कुणीतरी बघेल. आणि उद्या साहेबांसमोर तुम्ही स्वतः सांगायचं, काय घडलं ते."

शिक्षा म्हणायला एवढीच. पण मला ती फार मोठी वाटली. तक्रार बंद म्हणजे बुधवारही बंद. त्याला साहेबांची बोलणी बसली असतील, मी एका बाईसमोर मनातलं ओरडून सांगितलं होतं, आणि दोन दिवस फोन मुका. मी तो उचलायचे आणि तसाच ठेवून द्यायचे. काय म्हणून करणार? गाडी तर एकदम ठणठणीत होती.

शनिवारी दुपारी मी तलावाकाठी, आम्ही गप्प बसायचो त्याच जागी, झाडांखाली गाडी लावली. रजया बसवल्या, माइक लावला, पाण्याचा घोट घेतला. पहिलं वाक्य म्हणायला तोंड उघडणार, तोच काचेवर टकटक झाली. अगदी हळू. हाडाच्या कानसेनाशिवाय कुणी इतकी हळू टकटक करत नाही.

मी रजईचं एक टोक उचललं. बाहेर तो उभा होता. भिजलेला. हातात कसलंही अवजार नव्हतं, कपाळाला टॉर्च नव्हता. मोकळ्या हातांचं काय करावं ते त्याला कळत नसावं, म्हणून ते खिशात होते.

मी दार थोडंसं उघडलं.

"आज काही निमित्त नाही," तो म्हणाला. "तसाच आलोय. साहेब रागावले, मग हसले. ते सांगायचं होतं... नाही, ते पण नाही. तुम्ही परवा जे म्हणालात, ते मी आधी म्हणायला हवं होतं. मला तुम्ही आवडता. डिकीत होतो तेव्हापासून." त्यानं श्वास घेतला. "तुमचं होऊ द्या निवांत. मी इथेच बाहेर थांबतो, कुणी हॉर्न वाजवणार नाही एवढं बघतो."

पाऊस वाढला होता. त्याच्या त्या लांब पापण्यांवरून थेंब ओघळत होते, आणि तो ते पुसतही नव्हता.

"आत ये," मी म्हणाले.

इतके बुधवार आम्ही एकमेकांना अहो-जाहो करत होतो. त्यानं मान डावीकडे झुकवली.

"माझा श्वास येईल रेकॉर्डिंगमध्ये," तो म्हणाला. "एवढ्या शांततेत ऐकू जाईल."

"येऊ दे," मी म्हणाले, आणि शेजारच्या सीटवरची पानं उचलून मांडीवर घेतली.